सल्ला हवा: छातीच्या पट्ट्यातली अँटेना अंगाला लागली की बिघडते

सावजी_सिग्नल: शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे. छातीच्या पट्ट्यात ईसीजी सेन्सर, ब्लूटूथने मोबाइलवर डेटा. जुन्या जीन्सवर कॉपर टेपची साधी मोनोपोल (एकाच पट्टीची अँटेना) केली. टेबलावर ब्लूटूथच्या २.४५ गिगाहर्ट्झला झकास डिप (परत फिरणाऱ्या सिग्नलच्या आलेखातला खड्डा, अँटेना तिथेच नीट चालते), पट्टा बांधला की २.२ च्याही खाली. लांबी कापून जुळवली, तर मित्राच्या छातीवर आणखी वेगळंच! फोन मागच्या खिशात गेला की लिंकच तुटते. जागा फक्त ४ बाय ४ सेंमी. काय करू?

आरएफ_काका: कापत बसू नको रे बाप्पा. २.४५ ला स्नायूची परमिटिव्हिटी (जितकी जास्त, तितकी लहर पदार्थात आखडते) ५३ च्या आसपास, हवेची १. अंग जवळ आलं की तीच पट्टी लहरीला लांब भासते, म्हणून डिप खाली घसरतो. त्यात मोनोपोलच्या मागे आडोसा नाही, बरीच ऊर्जा अंगातच जिरते. मागे अखंड ग्राउंड, म्हणजे तांब्याचा सलग थर हवा. डेनिमवर अर्ध्या तरंगलांबीचा पॅच (ग्राउंडच्या वर कापड ठेवून लावलेला तांब्याचा सपाट तुकडा) साधारण साडेचार सेंमी होतो, तो तुझ्या जागेत मावणार नाही. पण एक कड ग्राउंडला शॉर्ट केलीस, म्हणजे थेट जोडलीस, तर लांबी जवळपास निम्मी. बँडविड्थ (अँटेना चालते तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा) आकसते, म्हणून डेनिमचे थर शिवून जाडी ३ मिमी तरी कर.

बर्डीवाली: शॉर्ट करताना टेपवर टेप चिकटवून मोकळा होऊ नको. खालचा गोंद बहुतेक वेळा वीज नेत नाही. मी दोन दिवस सिम्युलेशनला शिव्या घातल्या होत्या. जोडावर सोल्डरचे टिपके दे, पटकन, नाहीतर कापड करपतं. आणि मे महिन्यात घाम येणारच. पाण्याची परमिटिव्हिटी ७८ च्या घरात, ओलं डेनिम म्हणजे डिप परत खाली. वरून पातळ प्लास्टिकचं अस्तर लाव.

सावजी_सिग्नल: आणि मागचा खिसा?

आरएफ_काका: तिथे ग्राउंडचा उपयोग नाही, उलट पॅच पुढेच फेकतो. मध्ये अख्खा माणूस उभा आहे. सेन्सरमध्ये मेमरी ठेव, लिंक आली की साठलेलं पाठव.

सावजी_सिग्नल: काका, केलं! टेबलावर २.४६, छातीवर २.४४, मित्राच्याही २.४४. मेमरीचं काम बाकी आहे. आजी मात्र विचारते, हा ताईत कोणत्या बाबानं दिला.