कोलोस्टॉमी झालेलं बाळ घरी आलंय, पण बायको कुणाला हातच लावू देत नाही

रात्रपाळी:

नमस्कार मंडळी. आमच्या मुलाला जन्मतः शीची जागाच नव्हती. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन करून पोटावर डाव्या बाजूला कोलोस्टॉमी केली, म्हणजे मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढलंय आणि शी तिथे चिकटवलेल्या पिशवीत (बॅगेत) येते. हृदयाचा इको, किडनीची सोनोग्राफी, मणक्याची तपासणी सगळं झालं, सुदैवाने ठीक आहे. पुढे मूळ जागा तयार करायचं ऑपरेशन आणि त्यानंतर कोलोस्टॉमी बंद करायचं तिसरं, असं सर्जननी सांगून ठेवलंय. तो भाग ते बघतायत. मला विचारायचंय ते घरातल्या माणसांबद्दल.

बाळ दूध पितं, वजनही वाढतंय. पण बायकोशिवाय कुणी त्याला उचलायचं नाही असं होऊन बसलंय. तिचं सिझेरियन झालंय, स्वतःचे टाके ओढतात, तरी रात्री दरवेळी तीच उठते. बॅग बदलताना मी शेजारी गेलो तर "उजेड अडवू नकोस". मी काय करू विचारलं तर "काही नको, तू झोप". आणि पहाटे तीच रडते, तुला झोप लागते तरी कशी म्हणून. (लागत नाही. डोळे मिटून पडलेला असतो.)

माझी आई मदतीला आलीय. तिने एकदा बॅग काढलेली पाहिली आणि तेव्हापासून ती खोलीच्या दारापर्यंतच येते. "मला ते लाल लाल बघवत नाही रे," एवढंच म्हणाली, पण ते बायकोच्या मनाला फार लागलं. आता दोघींचं बोलणं माझ्यामार्फत चालतं.

थोरली पाच वर्षांची आहे. तिने विचारलं, "बाळ पिशवीत शी करतं, मग डायपर कशाला?" सूसाठी, एवढं सांगितलं असतं तरी झालं असतं. पण माझ्या आईने "असं विचारू नये" म्हणून गप्प केलं. आता ती काहीच विचारत नाही, आणि मला तेच जास्त खुपतंय.

ज्यांच्या घरी असं बाळ होतं त्यांनी कामं कशी वाटून घेतली? बायकोला न दुखवता मध्ये शिरायचं कसं?

धाकट्याची आई:

तुमची बायको म्हणजे हुबेहूब मीच. माझ्या धाकट्याचंही हेच होतं, तिन्ही ऑपरेशनं झाली, आता शाळेत जातो आणि दप्तर विसरून येतो.

तिच्या बाजूचं आधी सांगते. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, बाळाचं सगळं दुसऱ्यांच्या हातात होतं. दूध कधी, किती, नळी कधी निघणार, आपण नुसतं विचारायचं. घरी आल्यावर पहिल्यांदा काहीतरी आपल्या हातात येतं, ते सुटत नाही. त्यात "मी काय करू?" हा प्रश्न फार चीड आणतो हो. म्हणजे काम सांगायचं कामही तिच्याचकडे. त्यामुळे विचारू नका. एक अख्खं काम उचला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुमचं.

आमच्याकडे नवऱ्याने चकत्या कापायचं काम घेतलं. पोटाला चिकटते ती चकती. तिचं भोक स्टोमापेक्षा, म्हणजे पोटावरच्या आतड्याच्या तोंडापेक्षा, दोनतीन मिलिमीटरच मोठं हवं. जास्त झालं की उघड्या कातडीवर शी लागते आणि कातडी सोलवटते, कमी झालं तर कडा स्टोमाला घासते. सुरुवातीला स्टोमा सुजलेला असतो, पुढचे सहा-आठ आठवडे तो आक्रसत जातो, म्हणून माप पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. नवऱ्याने पारदर्शक कागदावर आकार उतरवून घेतला, त्यावर तारीख टाकली, नखं कापायच्या बाकदार कात्रीने चकत्या कापून कड बोटाने गुळगुळीत करून ठेवायचा. चिकटवायच्या आधी चकती दोन तळव्यांत धरून कोमट करायचा, त्याने ती नीट बसते. हे तो माझ्यापेक्षा चांगलं करायला लागला. मला आधी रागच आला, मग बरं वाटलं.

आणि बॅग बदलणं हे दोघांचंच काम आहे, तिला पटो न पटो. बाळ हातपाय मारतं, मूठ नेमकी तिथेच जाते. एकाने हात धरून तोंडाशी बोलत राहायचं, दुसऱ्याने पुसून, कोरडं करून चिकटवायचं. दूध पाजायच्या आधी बदला, पाजल्यावर लगेच शी सुरू होते आणि सगळं मुसळ केरात. साधं पाणी आणि मऊ कापड, बस. तेल, लोशन, सुगंधी वाइप्स त्या जागी नकोत, चकती धरत नाही. बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, हवेने फुगली तर हवा सोडायची, नाहीतर वजनाने ओढून निघते. रात्रीचं हे रिकामं करणं तुम्ही घेऊ शकता. बाळाला उठवावंही लागत नाही.

सासूबाईंबद्दल: माझ्या सासूबाईही लांबच राहायच्या. त्यांना वाटायचं बाळाला तिथे दुखतंय. स्टोमाला स्पर्शाने दुखत नाही, तिथे तशा संवेदना नसतात, हे त्यांना सर्जननी सांगितलं तेव्हा पटलं. मी आधी शंभरदा सांगितलं होतं, ते सोडा.

बिनधास्त:

वरच्या ताईंशी बाकी सहमत, पण एक वेगळं मत. घरात शिकायला जाऊ नका, बायकोच्या नजरेखाली तुमचा हात थरथरणारच. बहुतेक वेळा डिस्चार्जच्या आधी फक्त आईला शिकवतात, बाप तेव्हा बिलाच्या रांगेत असतो. माझंही तसंच झालं. पुढच्या फॉलोअपला वॉर्डच्या सिस्टरना सांगा, मला दाखवा, आणि तिथेच एकदा तुम्ही स्वतः बदला. सिस्टर "ठीक आहे" म्हणाल्या की घरात वाद संपतो. आमच्या मुलीचं दुखणं वेगळं होतं, आतड्याला पीळ पडला होता, पण घरातली भांडणं अगदी हीच.

येणाऱ्याजाणाऱ्यांचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण येतीलच. दारात तुम्ही उभे राहा. सर्दी-खोकला असेल तर आत नाही, हात धुतल्याशिवाय आत नाही, आणि बॅग बघायला मिळणार नाही. तिला वाईटपणा घ्यायला लावू नका.

जुनी सिस्टर:

मी लहान मुलांच्या सर्जरी वॉर्डात बरीच वर्षं काम केलं. घरातल्या प्रत्येकाला, आजीलाही, माहीत हव्यात अशा काही गोष्टी सांगते. स्टोमा गुलाबी किंवा लाल आणि ओलसर असतो. पुसताना रक्ताचा एखादा थेंब दिसला तर घाबरू नका. पण तो जांभळा-काळपट दिसला, एकदम जास्त बाहेर आला, रक्त थांबेना, पोट टम्म झालं आणि बॅगेत काहीच येईना, हिरवी उलटी झाली, सू कमी झाली किंवा बाळ मरगळलं, तर फोनवर सल्ले घेत बसू नका, थेट दवाखाना गाठा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला तरी तसंच. तापाचं औषध मनाने द्यायचं नाही. एवढं कागदावर लिहून भिंतीला लावा. मी बघितलंय, भीती कसली बाळगायची ते कळलं की आजी लोक बाळाला घ्यायला लागतात.

स्टोमा डावीकडे आहे ना, मग आजीने बाळाची उजवी बाजू आपल्या अंगाला येईल असं घ्यावं, म्हणजे बॅग दाबली जात नाही. सुरुवातीला बसूनच मांडीवर घ्या.

आता बाळाच्या आईबद्दल. बाळ शांत झोपलेलं असतानाही ती झोपू शकत नसेल, रडणं दोन आठवड्यांच्या पुढे चालू असेल, तर त्याला "स्वभाव" किंवा "काळजी" म्हणून सोडून देऊ नका. तिच्या डॉक्टरांना सांगा. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली असते, ती भरून घेतात. बाळाच्या फॉलोअपमध्ये आईकडे कुणाचं लक्षच जात नाही, मी वॉर्डात उभी राहून हे पाहत आलेय. आणि स्वतःच्या जिवाला किंवा बाळाला काही करावं असे विचार येतायत असं ती बोलली, तर तिला एकटी ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

रात्रपाळी:

सगळ्यांचे मनापासून आभार. रडण्याचं वाचून थोडा हादरलो, दोन आठवडे उलटून गेलेत. तिच्या डॉक्टरांची वेळ घेतो. तिला हा धागा दाखवला. धाकट्याच्या आईचा प्रतिसाद तिने दोनदा वाचला आणि "चकत्या काप मग" म्हणाली. कापल्या. पहिली फेकून दिली तिने, दुसरी वापरली.

लेकीला सूचं उत्तर दिलं. तिचा पुढचा प्रश्न तयार होता, बाळाला खालून शी कधी येणार? त्याला काय सांगू? आणि पुढच्या ऑपरेशननंतर घरी काय काय करावं लागतं, तेही आत्ताच सांगा, म्हणजे आधीपासून वाटणी करता येईल.

धाकट्याची आई:

लेकीला खरं ते सांगा: डॉक्टर आधी नवी जागा तयार करणार, ती बरी झाली की पिशवी निघणार, मग. तारीख सांगू नका, मुलं तारीख धरून बसतात. तिला एक काम द्या, नवी बॅग हातात द्यायचं वगैरे. सारखं "बाळाला लागेल" म्हणून हाकलू नका, एवढंच.

पुढच्या ऑपरेशननंतर साधारण दोन आठवड्यांनी डायलेटेशन सुरू होतं. नवी जागा आकसू नये म्हणून धातूची गुळगुळीत कांडी आत सरकवायची, सहसा दिवसातून दोनदा, आणि माप हळूहळू वाढवायचं. ते आईवडिलांनाच घरी करावं लागतं आणि ते बॅगेपेक्षा अवघड आहे, हाताला नव्हे, मनाला. एकाच माणसावर टाकू नका. सकाळचं एकाने, संध्याकाळचं दुसऱ्याने, असं आत्ताच ठरवा. आम्ही ठरवलं नव्हतं म्हणून महिनाभर रोज संध्याकाळी वाद. आणि कोलोस्टॉमी बंद झाल्यावर डायपरच्या जागी जबरदस्त रॅश येतो, त्या कातडीला शीची सवयच नसते. झिंक ऑक्साइडचं जाड क्रीम पहिल्या दिवसापासून लावायचं का ते सर्जनना विचारून ठेवा, आणि विचारायला दोघं जा.