मदत हवी आहे: पेंच नदीत स्वतःची कयाक चालवता येईल का?

राजेहो, जरा सांगा. दिवाळीत पुण्याचे दोन भाचे येतायत, सोबत हवा भरायची कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी नाव! पेंच व्याघ्र प्रकल्पातल्या कोलितमाऱ्याला बोटीत बसता येतं, पण या पोट्ट्यांना स्वतःच वल्हवायचं आहे. व्याघ्र प्रकल्पात आपली नाव कोण घालू देईल? तिथल्या तोतलाडोह धरणाच्या जलाशयात मासेमारीलाही बंदी, अन् मगरी वेगळ्याच. म्हणून नवेगाव खैरीच्या धरणाखाली, पारशिवनीकडे उतरायचा विचार आहे. पण तिथे पाणी उरतं तरी किती? सगळं कालव्यात अन् नागपूरच्या नळाला जातं. परवानगी पाटबंधारेवाल्यांची लागते की ग्रामपंचायतीची? धरणातून पाणी सोडणार हे आधी कुठे कळतं? लाइफ जॅकेट रामटेकला भाड्याने मिळतील का? मागे ट्यूबवर बसून मीच दोन गटांगळ्या खाल्ल्या होत्या, ते ताईला सांगू नका.