घरी बांधत असलेला टिअरड्रॉप ट्रेलर : एक्सल कुठे बसवू? छताचा प्लायही तडकतोय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेले चार महिने सुट्टीच्या दिवशी टिअरड्रॉप कॅम्पर ट्रेलर बांधतोय. दोन ठिकाणी अडलोय आणि तिसरी अडचण समोर दिसतेय. मापांसकट लिहितो, म्हणजे जाणकारांना नेमकं सांगता येईल.

आधी हे कशासाठी, ते. बाबांचं वय ७४. रानात मुक्काम करायची गोडी मला त्यांनीच लावली. आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत. तंबूत जमिनीवर झोपले की सकाळी उठवताना दोघांना धरावं लागतं. मागच्या खेपेला म्हणाले, "तुम्ही जाऊन या, मी घरी बरा आहे." त्यानंतर आठवडाभर डोक्यातून ते वाक्य जाईना. मोठा कॅम्पर माझ्या गाडीला झेपणारा नाही. म्हणून टिअरड्रॉप. पुढून गोल आणि मागे उतरत गेलेला, थेंबासारखा. आत फक्त झोपायची जागा, आणि मागचं मोठं झाकण वर उचललं की स्वयंपाकाचा ओटा. १९३० च्या दशकापासून अमेरिकेत लोक हे घरच्या घरी बांधत आलेत, तेव्हा मलाही जमेल असं वाटलं.

ट्रेलर असा आहे : चौकट ५० × ५० मिमीच्या चौकोनी लोखंडी पाइपची, ३ मिमी जाडीची, वेल्डिंग पूर्ण. वरची केबिन ३ मीटर लांब, १.५२ मीटर रुंद, आतून साधारण १.२ मीटर उंच. पुढचा दांडा धरून, कपलरपासून (दांड्याचं टोक, जे गाडीच्या हुकला अडकतं) केबिनच्या पुढच्या भिंतीपर्यंत १ मीटर. बाजूच्या भिंती १८ मिमी मरीन प्लायच्या, आकारात कापून झाल्यात, दाराची भोकं अजून कापलेली नाहीत. माझ्या गाडीला ब्रेक नसलेला ट्रेलर ६०० किलोपर्यंत चालतो आणि हुकवर ७५ किलोपर्यंत भार चालतो.

झोपायची उंची मात्र मी कुठल्याही नकाशावरून घेतली नाही. प्लायचे तुकडे एकावर एक रचून बाबांना त्यावर बसवलं. ४५ सेंमीवर त्यांना उठायला हात द्यावा लागला. ५८ सेंमीवर मांडीवर हात टेकवून स्वतःचे स्वतः उठले, आणि "हे बरं आहे" म्हणून परत बसून परत उठले. त्यामुळे गादीची कड ५८ सेंमी, ही गोष्ट पक्की. बाकी सगळं बदलायची तयारी आहे.

आता अडचणी.

एक्सल मी केबिनच्या बरोबर मध्यावर धरला होता, म्हणजे कपलरपासून २.५ मीटरवर. दिसायलाही ते बरोबर वाटतं. पण वेल्डरने सहज विचारलं, "ओटा, पाणी, बॅटरी सगळं मागे, मग तोंड वर नाही का जाणार?" तेव्हापासून झोप लागलेली नाही. पाण्याची ४० लिटरची टाकी मागे ओट्याखाली, बॅटरी तिथेच. हा हिशोब कसा करायचा?

दुसरी अडचण छताची. ३ मिमी प्लाय पुढच्या गोलाईवर वाकवायचा आहे, तिथे त्रिज्या साधारण ३० सेंमी. शीट लांबीच्या दिशेने टाकली, म्हणजे आडवे जोड कमी येतील आणि पाणी मुरणार नाही असा विचार. मी आणि भाऊ दोन्हीकडून हळूहळू दाबत होतो. आधी बारीक चरचर, मग एकदम फाटकन आवाज, आणि वरचा पापुद्रा हातभर उकलला. ओल्या लाकडाचा वास येत होता, म्हणजे पाणीही मारलं होतं. दुसरी शीट तशीच गेली. तिसरीला हात लावायचा धीर होत नाही.

तिसरी गोष्ट मागचं झाकण. पावसात बाबा आत झोपलेले आणि पायाशी गळतंय, हे मला अजिबात नको आहे. झाकण घट्ट बसावं आणि तसंच राहावं यासाठी सुरुवातीपासून काय काळजी घ्यावी?

प्रतिसाद १

वेल्डरने योग्य वेळी विचारलं. एक्सल अजून जोडला नसेल तर हात लावू नका.

कागद घ्या. प्रत्येक वस्तूचं वजन आणि कपलरपासून तिचं अंतर लिहा, दोन्हींचा गुणाकार करा, गुणाकारांची बेरीज भागिले वजनांची बेरीज. जे उत्तर येईल तो ट्रेलरचा तोल, म्हणजे सगळ्या वजनाचा मध्य. तो एक्सलच्या पुढेच असला पाहिजे. किती पुढे, ते हुकवरच्या भारावरून ठरतं : एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकवर यावा. त्यापेक्षा कमी झाला की वेग वाढल्यावर ट्रेलर शेपटीसारखा डावीकडे उजवीकडे झुलायला लागतो, आणि एकदा लागला की झोका वाढत जातो. गाडी त्याच्याबरोबर ओढली जाते. हे भीती घालायला लिहीत नाही, पण या एका आकड्याशी तडजोड करू नका.

तुम्ही दिलेल्या मापांवरून अंदाजे मांडून पाहतो. चौकट ९० किलो, २.२ मीटरवर. केबिन १७० किलो, २.४५ वर. झाकण २० किलो, ३.७५ वर. ओटा आणि भांडीकुंडी ४५ किलो, ३.५ वर. पाणी ४० किलो, ३.६ वर. बॅटरी १५ किलो, ३.४ वर. गादी, पांघरुणं, कपडे ४० किलो, २.१ वर. एक्सल आणि चाकं सोडून ही बेरीज ४२० किलो, आणि तोल येतो २.६८ मीटरवर. तुमचा एक्सल २.५ वर आहे. म्हणजे तोल एक्सलच्या मागे! हुकवर भार पडण्याऐवजी ट्रेलर गाडीला सुमारे ३० किलोने वर उचलेल.

आता फक्त दोन वस्तू हलवा. बॅटरी पुढच्या दांड्यावर पेटीत, ०.७ मीटरवर. पाण्याची टाकी केबिनच्या तळाखाली, एक्सलच्या थोडी पुढे, २.६ वर. तोल २.४९ वर येतो. एक्सल २.८५ वर घेतला तर हुकवर ५३ किलो. एक्सल-चाकांचे ६० किलो धरून एकूण ४८० किलो, त्याचे ११ टक्के. तुमच्या ७५ किलोच्या मर्यादेतही बसतं. आणि मुख्य फायदा असा की पाणी संपलं तरी हुकवरचा भार ५० च्या आसपासच राहतो. टाकी मागे असती तर भरलेली असताना वेगळा ट्रेलर आणि रिकामी असताना वेगळा ट्रेलर झाला असता.

माझे आकडे अंदाजाचे आहेत. तुमच्या वस्तू काट्यावर तोलून परत मांडा. एक्सलचे ब्रॅकेट वेल्ड करण्याआधी नटबोल्टवर ठेवा, दोन-तीन भोकांची सोय ठेवून. केबिन उभी राहिली की कपलर प्रवासात असतो त्या उंचीवर, घरच्या वजनकाट्यावर ठोकळ्याने टेकवा आणि वाचा. मग वेल्डिंग.

आणखी एक. एक्सल २.८५ वर म्हणजे केबिनच्या पुढच्या भिंतीपासून १.८५ मीटर. ६० सेंमी व्यासाचं चाक असेल तर ते साधारण १.५५ ते २.१५ मीटर इतकी जागा घेईल, वर मडगार्ड. दार त्याच्या पुढे संपलं पाहिजे. भोकं कापली नाहीत हे फार चांगलं झालं.

प्रतिसाद २

शीट आडवी टाका. ९० अंशांत फिरवा, बाकी काही नको.

३ मिमी प्लायमध्ये तीन पापुद्रे असतात. बाहेरच्या दोन्हींचे रेषे सहसा शीटच्या लांबीच्या दिशेने जातात. तुम्ही नेमक्या त्याच रेषांना वाकवताय. रेषे ट्रेलरच्या रुंदीच्या दिशेने आले की तोच प्लाय चटईसारखा गुंडाळला जातो. तुमची रुंदी १.५२ मीटर आणि शीट २.४४ लांब, त्यामुळे आडवी आरामात बसते. जोड दर १.२२ मीटरवर येईल, तो आतल्या आडव्या पट्टीवरच आणा. गोंद लावायच्या आधी कोरडीच शीट पट्ट्यांनी ताणून रात्रभर बसवून ठेवा. हवं तर गोलाईवर गरम पाण्यात बुडवून पिळलेला टॉवेल. वर तसाच दुसरा ३ मिमीचा थर, जोड एकावर एक न येता. दोन थर चिकटले की गोलाई स्वतःच आपला आकार धरून बसते.

जोडातून पाणी मुरेल ही भीती मनातून काढा. वर अॅल्युमिनियमचा पत्रा किंवा काचकापड-इपॉक्सी येणारच आहे ना? पाणी तो अडवतो, प्लायचा जोड नाही.

प्रतिसाद ३

झाकणाबद्दल लिहिते, कारण माझं पहिलं झाकण टाकून द्यावं लागलं होतं.

मी ते ट्रेलरवरच बांधलं, सुंदर बसलं होतं. बाहेरचा थर चिकटवला, क्लॅम्प काढले, खाली उतरवलं. दुसऱ्या दिवशी परत बसवायला गेले तर खालची कड भिंतीपासून दोन बोटं बाहेर. वाकवलेला प्लाय सरळ व्हायला बघतो आणि एकाच थराचं झाकण त्याच्याबरोबर उलगडतं. दुसऱ्या वेळी आतल्या कमानी १८ मिमी प्लायमधून भिंतीच्याच साच्याने कापल्या, वाकवल्या नाहीत. मग आतला आणि बाहेरचा असे दोन्ही थर झाकण ट्रेलरवर क्लॅम्प केलेलं असतानाच चिकटवले, आणि गोंद पूर्ण वाळेपर्यंत त्याला हात लावला नाही. पोकळ पेटीसारखं झालं ते. अजून हललेलं नाही.

गॅस स्ट्रट (झाकण वर उचलून धरणारे गॅस भरलेले दांडे) बंद झाकणालाही सतत बाहेर ढकलत असतात, हे लक्षात ठेवा. मधोमध एकच कुलूप लावलं तर खालचे दोन्ही कोपरे उघडे राहतात आणि पाणी तिथूनच शिरतं. दोन कुलपं, दोन्ही कोपऱ्यांना.

वरच्या बाजूला पूर्ण रुंदीची अॅल्युमिनियमची बिजागरी घ्या, एकात एक अडकणाऱ्या दोन पट्ट्यांची. सुट्या बिजागऱ्या लावल्या तर मधल्या फटी बुजवत बसाल. बाजूंना आतून डी आकाराचं पोकळ रबर. पण नुसत्या रबरावर विसंबू नका. रबराच्या आतल्या बाजूला, भिंतीच्या कडेने बोटभर रुंद पन्हळ ठेवा, खाली जमिनीकडे उघडी. चार थेंब आत आलेच तर तिथून उतरून जातील. माझ्या झाकणातून जोरदार पावसात पाणी आत येतं, पण ओट्यावर कधी पडत नाही.

पत्र्याच्या कडांना सिलिकॉन लावू नका. एकदा लागलं की त्यावर पुढे रंग धरत नाही, दुसरा कुठला सीलंटही नीट चिकटत नाही. ब्यूटाइलची चिकटपट्टी वापरा, ती मऊ राहते आणि उन्हाथंडीत पत्रा सरकला तरी सुटत नाही.

वडील झोपणार आहेत म्हणून मुद्दाम सांगते : हवा खेळती ठेवा. दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात साधारण अर्धा लिटर पाणी बाहेर पडतं, आणि इतक्या लहान जागेत सकाळी छताला थेंब लटकलेले दिसतात. खाली एक झरोका, वर छतात पंखा, दोन्ही रात्री थोडे उघडे. स्वयंपाक झाकणाखाली बाहेरूनच करायचा, केबिनमध्ये शेगडी कधीच पेटवायची नाही, कितीही थंडी असली तरी. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. तेव्हा सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक ठेवा आणि कप्पा केबिनच्या बाजूने पूर्ण बंद करा.

प्रतिसाद ४

बॅटरी पुढे नेताय तर एक सूचना. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवा, मागे ओट्यापाशी नको. मधली तीन-चार मीटर तार चौकटीला घासून उघडी पडली तर तिला वाचवणारा तोच. तारही एक माप जाड घ्या, लांब अंतरात १२ व्होल्टचे व्होल्ट लवकर घटतात आणि पंखा मंद फिरतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे लिहिलं नाही, कारण जो वेळ मिळाला तो शेडमध्ये गेला.

प्रतिसाद १ वाचून रात्री अकराला वजनकाटा काढला आणि घरातली प्रत्येक वस्तू तोलली. माझी भांडीकुंडी तुमच्या अंदाजापेक्षा ६ किलोने जड निघाली, बाकी जवळपास तेच. बॅटरी पुढे, टाकी खाली, एक्सल २.८५ वर, सध्या नटबोल्टवर. भिंती, तळ आणि छत चढल्यावर, झाकण-ओट्याच्या जागी रेतीच्या पिशव्या ठेवून कपलर काट्यावर टेकवला : ५१ किलो. बायकोला बोलावून दाखवलं, मग परत एकदा तोललं. तेवढेच.

शीट आडवी टाकली. भाऊ आणि मी परत त्याच जागी उभे, दोघेही आवाजाची वाट बघत. काही झालं नाही. गोलाईवर ती स्वतःहून झोपल्यासारखी बसली. आता दोन्ही थर चिकटलेत.

ताई, तुमच्या सांगण्याप्रमाणे झाकणाच्या कमानी भिंतीच्या साच्याने कापल्या. काल दोन्ही थर लावले, अठरा क्लॅम्प लागले, शेजाऱ्यांकडून मागून आणले. रविवारपर्यंत हात लावणार नाही.

दार आता चाकाच्या पुढे येतंय, ७५ सेंमीपासून १.४० मीटरपर्यंत. एक शेवटचा प्रश्न. बाबांना उठताना धरायला आतून हँडल लावायचं आहे. दाराच्या चौकटीला उभं लावू की छताला आडवं, आणि किती उंचीवर?

प्रतिसाद ३

माप विचारू नका. भोक कापलं की गादी टाका आणि वडिलांना कडेवर बसवा. काही न सांगता उठायला सांगा, दोन-तीनदा. हात आपोआप जिथे जाईल तिथे पेन्सिलने खूण करा. उभं की आडवं तेही तिथेच कळेल. फक्त त्या जागी भिंतीच्या आत १८ मिमीचा जादा तुकडा आत्ताच चिकटवून ठेवा, स्क्रू नुसत्या पातळ थरात जायला नकोत. आणि उजव्या हाताची खूण झाली की त्यांना दुसऱ्या दारानेही उतरवून बघा, तिकडे डावा हात लागेल.