पुण्याचा डीपी (विकास आराखडा) 2027 मध्ये संपतो का? आणि बांधकामाचे नियम दर पाच वर्षांनी तपासावेत का?

नकाशावाला (धागाकर्ता)

जुन्या हद्दीचा आपला विकास आराखडा कागदोपत्री 2007 ते 2027 चा आहे. मंजूर झाला जानेवारी 2017 मध्ये. प्रारूप (आराखड्याचा कच्चा मसुदा) हरकतींसाठी 2013 मध्ये प्रसिद्ध झालं, 80 हजारांहून जास्त हरकती आल्या. मार्च 2015 मध्ये शासनाने आराखडा महापालिकेकडून काढून घेऊन विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दिला, आणि मग कुठे मंजुरी. वीस वर्षांच्या आराखड्याची पहिली दहा वर्षं त्याच्या जन्मातच गेली.

2027 उजाडलं की आपोआप नवा डीपी येणार, असं बऱ्याच जणांना वाटतं. कायदा तसं म्हणत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 चं कलम 38 वीस वर्षं मोजतं ती आराखडा अमलात आल्यापासून. आराखडा तुकड्यांत मंजूर झाला असेल तर शेवटचा तुकडा अमलात आल्यापासून. आपल्याकडे 2017 च्या मंजुरीतून काही भाग वगळले होते (ईपी म्हणतात ते). म्हणजे कायद्याच्या घड्याळाला 2037 उलटून जाईपर्यंत घाई नाही.

माझं म्हणणं असं. जमीन वापराचा नकाशा वीस वर्षं टिकला तर टिकू दे. पण नियमांची आणि आरक्षणांची (बाग, शाळा, रस्ता अशा सार्वजनिक कामांसाठी राखलेल्या जागांची) तपासणी दर पाच वर्षांनी सक्तीची हवी. किती आरक्षणं ताब्यात आली, कलम 37 खाली किती फेरबदल झाले, कुठल्या रस्त्यावर मंजूर रुंदी आणि जागेवरची रुंदी जुळत नाही, हे सगळं एका नोंदवहीत जाहीर व्हावं. आज ही माहिती राजपत्रात, नगररचना सहसंचालकांच्या कार्यालयात आणि महापालिकेच्या फायलींत विखुरलेली आहे.

लकडीपूल

नोंदवही जरूर काढा. पण "दर पाच वर्षांनी तपासणी" हे गोड नाव झालं. प्रत्यक्षात ते दर पाच वर्षांनी उघडणारं दार असेल.

कलम 37 चा रस्ता बघा. मुख्य सभेचा ठराव, राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना, हरकतींना महिनाभर, सुनावणी, मग शासनाकडे प्रस्ताव, शासन नगररचना संचालकांचं मत घेऊन मंजूर करणार. अट एकच, आराखड्याचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. आता एका बागेच्या आरक्षणातून 1,000 चौरस मीटर वगळले तर शहराचं स्वरूप बदलतं का? नाही. तीस बागांतून वगळले तर? प्रत्येक फाइल वेगळी, प्रत्येकीत उत्तर "नाही"च येतं. बेरीज कुणी करत नाही. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर मुंगीएवढ्या टायपात आलेली सूचना वाचून महिन्यात हरकत घेणारे लोक या शहरात किती?

वीस वर्षांच्या आराखड्याचा एक गुण आहे: तो जड आहे. जड वस्तू सहज उचलून नेता येत नाही.

वास्तुरेखा

दोघंही असं बोलताय की नियम महापालिकेच्या हातात आहेत. 2 डिसेंबर 2020 ला यूडीसीपीआर (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) आली तेव्हाच तो विषय संपला. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडून सगळ्या राज्याला एकच नियमावली. तिच्यात बदल करतं शासन, कलम 37 (1कक) खाली. वर कलम 154 खालचे शासनाचे निर्देश जोडले की हरकती यायच्या आधीच बदल लागू होतो. म्हणजे लकडीपूल ज्या मुख्य सभेच्या ठरावाची भीती घालतात तोसुद्धा या वाटेवर लागत नाही.

आणि आकडे बघितल्याशिवाय ही चर्चा हवेतच राहील. दाट वस्ती सोडून इतर निवासी भागाचा मूळ तक्ता: 9 मीटरपेक्षा कमी रस्त्यावर पायाभूत एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम) 1.10, प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) शून्य, टीडीआर (आरक्षणाची जागा दिल्याच्या बदल्यात मिळणारा, विकता येणारा बांधकाम हक्क) शून्य. 9 ते 12 मीटरवर 0.50 प्रीमियम आणि 0.40 टीडीआर धरून एकूण 2.00. पुढे 12 ते 15 ला 2.25, 15 ते 24 ला 2.50, 24 ते 30 ला 2.75, त्यावर 3.00. या सगळ्यावर निवासी इमारतीला 60 टक्के पूरक एफएसआय अधिमूल्य भरून मिळतो.

500 चौरस मीटरचा भूखंड घ्या. रस्ता 8 मीटर असेल तर 550, पूरक धरून 880 चौरस मीटर. तोच रस्ता 9 मीटर असेल तर 1,000, पूरक धरून 1,600. एका मीटरच्या फरकावर जवळपास दुप्पट बांधकाम. चाळीस वर्षांपूर्वीच्या सोसायट्यांचे अंतर्गत रस्ते 6 आणि 7.5 मीटरचे आहेत. हा उंबरठा पुण्याने ठरवलेला नाही आणि पुण्याला एकट्याला तो हलवताही येत नाही. तपासणी करायची तर आधी हे तपासा.

लकडीपूल

@वास्तुरेखा, उंबरठा हलवता येत नाही म्हणून काय केलं तेही सांगा ना. 2020 मध्ये महापालिकेने 323 रस्ते 6 चे 9 मीटर करायला काढले. डीपीला हात न लावता. महापालिका अधिनियमाच्या कलम 210 खाली रस्त्याची नियमित रेषा आखायची, आयुक्तांचा प्रस्ताव आणि स्थायी समितीची मान्यता, झालं. रस्ता कागदावर 9 मीटर, टीडीआर मोकळा.

जागेवर काय होतं? दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर मिळायला हवा, पण जागा ताब्यात येणार ती एकेक सोसायटी पुनर्विकासाला जाईल तशी. पहिली सोसायटी आज मागे सरकते, शेजारची पंधरा वर्षांनी. तोवर रस्त्याला करवतीचे दात, आणि प्रत्येक खाचेत दोन चारचाकी. अग्निशमनाचा बंब अजूनही 6 मीटरमधूनच वळणार. फक्त आता त्याच गल्लीत दुप्पट घरं.

वास्तुरेखा

करवतीचे दात मान्य. पण दुसरा पर्याय सांगा. 1.10 मध्ये पुनर्विकास बसत नाही. जुन्या इमारतींना प्रोत्साहनपर एफएसआय आहे, तरी लहान भूखंडावर बाजूचं अंतर सोडून उरतं किती? 15 मीटरच्या वर गेलात की बाजूचं अंतर उंचीच्या एक पंचमांश. 20 मीटर रुंद भूखंडावर 25 मीटर उंच इमारत म्हणजे दोन्हीकडे 5-5 मीटर सोडून मध्ये 10 मीटरची पट्टी. एफएसआय कागदावर शिल्लक राहतो, इमारतीत मावत नाही.

टेकडीवरचा उतार

रस्त्यांच्या एफएसआयमध्ये अडकू नका. 1 ला 5 (पाच मीटर अंतरात एक मीटर चढ) पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नाही, हा नियम जुना आहे. 1997 मध्ये हद्दीत आलेल्या 23 गावांच्या टेकड्यांवर सुमारे 978 हेक्टरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण, म्हणजे बीडीपी. 2015 मध्ये शासनाने ते कायम केलं आणि मोबदला ठेवला 8 टक्के टीडीआर.

आता हिशेब करा. सपाटीवरच्या बागेच्या आरक्षणाला टीडीआर जागेच्या दुप्पट, दाट वस्तीत तिप्पट. टेकडीला 8 टक्के. 1,000 चौरस मीटर दिले तर एकाला 2,000, दुसऱ्याला 80. वर टीडीआर वापरताना रेडीरेकनरचं (सरकारी जमीन दरांचं) गुणोत्तर लागतं. टेकडीचा दर कमी, म्हणून कोथरूड-बाणेरच्या चांगल्या रस्त्यावर वापरायला गेलं की ते 80 सुद्धा आकसतात. मालक जमीन देत नाही, महापालिका घेत नाही आणि मधल्या काळात गुंठा-गुंठा विकला जातो. आराखडा जड ठेवून टेकडी वाचत नाही, लकडीपूल. टेकडी वाचवायची तर मोबदल्याचा आकडा वेळोवेळी तपासावाच लागेल.

लकडीपूल

आकडा तपासा. आरक्षण नका तपासू. एकदा टेकडी "पुनर्विचाराधीन" असा शब्द कागदावर आला की दुसऱ्या दिवसापासून भाव फुटतो.

गट क्रमांक

तुमच्याकडे निदान भांडायला आराखडा तरी आहे. जून 2021 मध्ये आणखी 23 गावं महापालिकेत आली, पण त्यांचा आराखडा करायचा अधिकार दिला पीएमआरडीएला (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). त्यांनी 2021 मध्येच प्रारूप काढलं, हजारो हरकती झाल्या, आणि 2025 मध्ये शासनाने ते प्रारूपच रद्द केलं. आता झोन दाखला (जमीन कुठल्या वापराच्या पट्ट्यात आहे त्याचा दाखला) मागायला गेलं की 1997 च्या प्रादेशिक आराखड्याचा आधार. त्यात जो पट्टा शेतीचा आहे तिथे आज आठ मजली इमारती दिसतात.

प्रारूप चालू असताना काय होतं तेही सांगतो, कारण पाच वर्षांच्या तपासणीवाल्यांना ते माहीत हवं. कलम 46 प्रमाणे परवानगी देताना प्रसिद्ध झालेलं प्रारूपसुद्धा विचारात घ्यावं लागतं. म्हणजे जुन्या आराखड्यात निवासी आणि प्रारूपात रस्ता असेल तर फाइल अडकते. प्रारूपात निवासी आणि जुन्यात शेती असेल तरी अडकते. दर पाच वर्षांनी प्रारूप काढलंत तर शहर कायमचं प्रारूपातच राहील.

नकाशावाला

@गट क्रमांक, मुद्दा बिनतोड आहे. म्हणूनच मी नकाशा उघडायला सांगत नाही. तपासणी आणि सुधारणा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. तपासणीला प्रारूप लागत नाही, कलम 46 लागत नाही.

पण खरा पेच अजून कुणी काढला नाही. कलम 127. आरक्षण अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत महापालिकेने संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. जानेवारी 2017 अधिक दहा म्हणजे जानेवारी 2027. तेव्हापासून नोटिसा सुरू होतील, 2029 पासून आरक्षणं गळायला लागतील. आणि नुसता ठराव केला, जिल्हाधिकाऱ्यांना प्रस्ताव पाठवला, याला "पाऊल" म्हणत नाहीत. गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय.

लकडीपूल

म्हणजे आता तुम्हीच सांगताय की 2027 ला सुधारित डीपी आणा? कारण त्याचा परिणाम तुम्हाला ठाऊक असेलच. 1966 च्या डीपीतलं आरक्षण 1987 मध्ये पुढे चालू ठेवलं, त्या पुण्याच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की सुधारित आराखडा येण्याआधी मालकाने नोटीस दिली नसेल तर दहा वर्षं नव्या आराखड्यापासून पुन्हा मोजायची. म्हणजे सुधारणा करा आणि घड्याळ शून्यावर आणा. अधिकाऱ्यांसाठी याहून स्वस्त उपाय नाही. 1987 ला अडकलेला, 2017 ला पुन्हा अडकलेला मालक आता तिसऱ्यांदा.

इथे मी मालकाच्या बाजूने आहे, आश्चर्य वाटलं तरी. आराखडा जड असावा, पण ज्याच्या डोक्यावर ठेवलाय त्याला पैसे मिळावेत.

वास्तुरेखा

पैसे कुठून? 2013 च्या भूसंपादन कायद्याने शहरात बाजारभावाच्या दुप्पट. महापालिका रोख देत नाही, टीडीआर घ्या म्हणते. आणि प्रीमियम एफएसआय रेडीरेकनरच्या 35 टक्के दराने खिडकीवर मिळतो म्हटल्यावर विकसक आधी खिडकीवर जातो. टीडीआरचा भाव पडतो, मालक जागा देत नाही, आरक्षण लटकतं. नियमावलीतल्या एका तक्त्याने आराखड्यातल्या आरक्षणाचा गळा आवळलाय. पाच वर्षांनी तपासायची गोष्ट हीच: प्रीमियम आणि टीडीआर वापरण्याचा क्रम. टीडीआर आधी संपवा, मग प्रीमियम, असा बदल नकाशाला हात न लावता होतो.

लकडीपूल

हे पटलं. एवढ्यापुरती तुमची तपासणी मान्य.

टेकडीवरचा उतार

हरकती घेणाऱ्यांसाठी दोन ओळी, कारण 2027 नंतर कामाला येतील. "आमच्या भागावर अन्याय" असं लिहू नका. सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, नकाशाच्या शीटचा क्रमांक, आरक्षणाचा क्रमांक, आणि काय हवं ते एका वाक्यात: "रुंदी 12 ऐवजी 9 मीटर ठेवावी". सोबत मोजणी नकाशा आणि जागेचे फोटो. सुनावणी मागितलीय हे स्पष्ट लिहा, पोच घ्या. छापील मजकुरावर दोनशे सह्या केल्यात तर तो एकच मुद्दा धरला जातो. नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. 80 हजार हरकती, प्रत्येकी दोन मिनिटं, दिवसाला आठ तास: 333 दिवस. तुमच्या वाट्याला ती दोन मिनिटंच येणार आहेत.

गट क्रमांक

आणि लोकसंख्या कुठली धरणार? शाळा, दवाखाने, मैदानं सगळं माणशी मोजतात. शेवटची जनगणना 2011 ची, तेव्हा महापालिका हद्दीत 31.24 लाख. नवी 2027 मध्ये. प्रभागनिहाय आकडे हातात यायच्या आधी नवा आराखडा करण्याचा इरादा जाहीर केलात तर प्रारूप काढण्यासाठी कलम 26 चं दोन वर्षांचं घड्याळ चालू होतं आणि प्रारूप अंदाजावर बनतं.

नकाशावाला

इरादा आत्ता जाहीर करू नये, बरोबर. पण विद्यमान जमीन वापराच्या सर्वेक्षणासाठी कलम 25 सहाच महिने देतं. जुनी हद्द आणि नवी गावं मिळून पाचशे चौरस किलोमीटरच्या आसपास शहर सहा महिन्यांत घरोघरी तपासून होत नाही, आणि मग जुन्याच नकाशावर नवे रंग चढतात. पायाभूत नकाशा, रस्त्यांची जागेवरची रुंदी आणि ताब्यात आलेल्या आरक्षणांची यादी ही कामं इराद्याशिवाय आजही सुरू करता येतात. पेठांपासून सुरुवात करा. तिथे मंजूर रेषा आणि घराची भिंत यांत सगळ्यात जास्त अंतर आहे.