मदत हवी आहे: पाच रंग, पाच कॉकटेल, आणि निळं काही केल्या निळं राहत नाही

पत्त्यांचा बंगला:

मंडळी, येत्या शनिवारी आमच्याकडे पत्त्यांची बैठक आहे. रमी नाही, 'मॅजिक: द गॅदरिंग'. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९९३ साली रिचर्ड गारफील्डने काढलेला खेळ. आपण जादूगार, पत्ते म्हणजे मंत्र आणि प्राणी, आणि मंत्र टाकायला लागणारी ताकद पाच रंगांत येते. पांढरी मैदानातून, निळी बेटांवरून, काळी दलदलीतून, लाल डोंगरातून, हिरवी रानातून. आम्ही चौघं कमांडर खेळतो, म्हणजे माणशी १०० पत्ते, ४० लाइफ आणि एका डावाला दोन-अडीच तास सहज.

उत्साहाच्या भरात ग्रुपवर टाकून बसले की या वेळी प्रत्येक रंगाचं एक जुनं, नावाजलेलं कॉकटेल मी करणार. आता निस्तरते आहे. (सगळे तिशीपार, त्यामुळे पंचविशीची अट कोणी काढू नये. परवानाही आहे.)

आतापर्यंतची यादी: पांढऱ्याला व्हाइट लेडी, काळ्याला ब्लॅक रशियन, लालला निग्रोनी, हिरव्याला पुदिन्याचं साउथसाइड. घोडं अडलंय निळ्यावर. कुंडीतल्या गोकर्णाची दहा-बारा फुलं वाळवून वाटीभर जिनमध्ये तासभर ठेवली. रंग असा आला की बघत राहावं, थेट शाईची दौत. मग टॉम कॉलिन्स करायचं म्हणून लिंबू पिळलं आणि डोळ्यांदेखत जांभूळ! टॉनिक घालून पाहिलं, तरी तेच. ब्लू क्युरासाओची बाटली आणता येईल, पण तो रंग बघून मला बाथरूम धुवायचं लिक्विड आठवतं.

आणखी दोन अडचणी. चौघांतला एक अंडं खात नाही आणि व्हाइट लेडीचा फेस पांढऱ्या बलकाचा असतो. दुसरी म्हणजे मागच्या वेळी माझा निम्मा वेळ ओट्यापाशी गेला. माझी पाळी आली की सगळे हाका मारत होते. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

सोडावॉटर:

गोकर्णाचा दोष नाही, तो त्याचा स्वभाव आहे. त्यातलं रंगद्रव्य आंबट लागलं की जांभळं होतं, आंबटपणा वाढला की गुलाबीकडे झुकतं. टॉनिकमध्ये सायट्रिक आम्ल असतं, म्हणून तिथेही फसलात. आता कोणी मार्टिनी सुचवेल, तर ड्राय व्हर्मूथ शेवटी वाइनच, तीही आंबट. थोडी जांभळी झाक येणारच.

तेव्हा रंग टिकवायच्या भानगडीत पडू नका, तो कधी बदलायचा ते आपण ठरवा. उंच ग्लासात तळाला लिंबाचा रस आणि साखरेचा पाक. पाक जड, तो खालीच बसतो. वर बर्फ, मग सोडा, आणि शेवटी निळी जिन चमच्याच्या पाठीवरून हळू सोडा. वर निळं, खाली पाणीदार. ज्याने त्याने आपल्या हाताने ढवळायचं. तुमच्या खेळात निळा-लाल मिळून एक टोळी आहे ना, इझेट? उचापती शास्त्रज्ञांची? त्यांना याहून शोभेल असं पेय मला सुचत नाही.

पाक साखर आणि पाणी समभाग. आणि लिंबाचं माप जपून. परदेशी पाककृतीतलं पिवळं लेमन आणि आपलं कागदी लिंबू एक नव्हे, आपलं जास्त झणझणीत. व्हाइट लेडीत ४० मिली जिन, ३० ट्रिपल सेक (संत्र्याचं लिकर), २० लेमन असं लिहिलेलं असतं. मी लिंबू १५ वर आणतो आणि चाखून वाढवतो.

डावखुरा:

मॅजिक मीही खेळतो, म्हणून जरा वेगळं मत. रंगाला रंग जुळवणं म्हणजे लहान मुलांच्या वाढदिवसाचं डेकोरेशन. स्वभाव जुळवा! निळा खेळाडू कसा असतो? तुम्ही दहा मिनिटं विचार करून सगळ्यात भारी पत्ता टाकता, तो शांतपणे दोन बेटं आडवी करतो आणि म्हणतो, 'काउंटरस्पेल.' म्हणजे तुमचा पत्ता रद्द. त्याला पारदर्शक, थंडगार, कोरडी मार्टिनीच हवी. काळ्याला ब्लॅक रशियन बरोबर आहे. १९४९ च्या ब्रुसेल्समधलं पेय, ५० व्होडका, २० कॉफी लिकर, गोड लागतं आणि उठताना कळतं. (कोळशाची पावडर घालून काळंकुट्ट करायच्या नादी लागू नका. औषधं घेणाऱ्याच्या पोटात ती औषधंही शोषून घेते.)

पण लालला निग्रोनी? जिन, कँपारी (कडसर लाल लिकर), गोड व्हर्मूथ, तिन्ही ३०-३०, ढवळून संत्र्याची साल पिळायची. फार सभ्य पेय आहे हो ते. लाल म्हणजे लायटनिंग बोल्ट हा पत्ता: एक ताकद, तीन डॅमेज, विषय संपला.

कुडाळकरीण:

मग लालला काजूची फेणी आणि कोकमाचं आगळ घ्या ना. ३० मिली फेणी, चमचाभर आगळ, चमचाभर पाक, बर्फात खळखळून हलवायचं आणि छोट्या ग्लासात द्यायचं. आगळ खारट असतं, त्यामुळे ग्लासाच्या कडेला मीठ लावायची कटकट नाही. मात्र बाटलीवर नीट वाचा. कोकम सरबत म्हणून मिळतं ते गोड, त्याने लाल नाही, लाडू होईल.

फेसासाठी काबुली चणे शिजवलेलं पाणी वापरा, २०-२५ मिली. मीठ आणि सोडा न घालता शिजवलेलं हवं, नाहीतर छोल्यांचं कॉकटेल. आधी बर्फाशिवाय जोरात हलवा, फेस धरला की बर्फ घालून पुन्हा. पुदिना कुटू नका, कडू होतो. तळहातावर ठेवून एक चापट पुरे.

सोडावॉटर:

ओट्याचा प्रश्न राहिला. ज्यात लिंबाचा रस नाही ते सगळं सकाळीच करून बाटलीत भरा. निग्रोनी ठेवणार असाल तर तिन्ही १२० मिली, आणि साधारण ७५ मिली पाणी. हे पाणी विसरू नका. ढवळताना बर्फ वितळून जे मिसळतं त्याची ती भरपाई. फ्रिजमध्ये ठेवा, आयत्या वेळी फक्त ओतायचं. उघडलेली व्हर्मूथही फ्रिजमध्येच. कपाटात ठेवली तर पुढच्या महिन्यात भाजीत घालावी लागेल.

पत्त्यांचा बंगला:

काल रात्री करून पाहिलं. पहिल्यांदा घाईत ओतलं, सगळं जांभळं. दुसऱ्यांदा चमचा उलटा धरून, श्वास रोखून. निळं राहिलं! नवऱ्याने ढवळलं, रंग फिरला, आणि तो म्हणाला, 'अजून एकदा दाखव.' म्हणजे ठरलं. चण्याच्या पाण्याचा फेसही छान आला, वास अजिबात नाही.

डावखुरा, निग्रोनी ठेवतेय, पण तिला पांढऱ्या-लालची टोळी, बोरोस, करून टाकलंय. शिस्तही आहे, डोकंही तापतं. फक्त बाहेरून दव धरलेल्या ग्लासांची भीती आहे. मागच्या खेपेला एका ग्लासाखाली पाणी साचलं आणि माझा चकचकीत फॉइलचा पत्ता प्लास्टिकच्या स्लीव्हमधून ओला झाला. पापडासारखा वाकलाय बिचारा. या वेळी पेयांचं टेबल वेगळं.

कुडाळकरीण, घरातलं आगळ संपलंय. पुण्यात बिनसाखरेचं खात्रीचं कुठे मिळेल?

कुडाळकरीण:

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. एकच बाटली आणू नका, सोलकढीलाही लागेल दुसऱ्या दिवशी.