सेमी-हॉलो गिटारचे पिकअप बदलणं: खर्च सार्थकी की वाया?

मंद्रसप्तक
माझं मत सरळ आहे. स्वस्त सेमी-हॉलो (अर्धपोकळ) इलेक्ट्रिक गिटारमध्ये महागडे पिकअप (तारांची कंपनं विजेच्या संकेतात बदलणारे चुंबकी भाग) बसवणं हा बहुतेक वेळा चुकीच्या जागी केलेला खर्च असतो.

आमच्या बँडमधल्या मित्राने गिब्सन कंपनीच्या ३३५ या सेमी-हॉलो मॉडेलच्या धर्तीची गिटार घेतली. थोड्याच दिवसांत तक्रार सुरू: नेक पिकअपचा (गिटारच्या मानेजवळच्या) आवाज बसका आहे, कॉर्ड वाजवली की स्वर एकमेकांत कालवले जातात. लगेच अमेरिकेहून हंबकरची (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपची) जोडी मागवायचं ठरलं. कस्टम्स धरून रक्कम गिटारच्या निम्म्या किमतीवर गेली.

मी आधी पट्टी घेतली. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि तिच्याखालचा पोलपीस (पिकअपमधला चुंबकी खुंटा) यांच्यातलं अंतर मोजलं, तर नेकला जेमतेम दीड मिमी. गिब्सनचं प्रमाण नेकला सुमारे २.४ आणि ब्रिजला (तारांच्या खालच्या टोकाच्या पिकअपला) १.६ मिमी आहे. पिकअप खाली घेतला, जाड तारांकडच्या बाजूने जरा जास्तच, आणि पातळ तारांखालचे पोलपीस किंचित वर काढले. कॉर्डमधले स्वर सुटे ऐकू यायला लागले. खर्च शून्य. आता पिकअप कशाला बदलायचे?

सोल्डरवाली
उंचीबद्दल शंभर टक्के सहमत, निष्कर्षाबद्दल अजिबात नाही.

उंचीने पातळी आणि तोल बदलतो. गुंडाळीची जात बदलत नाही. स्वस्त गिटारमध्ये पुष्कळदा तार जास्त गुंडाळलेले, तापट पिकअप असतात. वेटोळी वाढली की इंडक्टन्स (गुंडाळीचा एक विद्युत गुणधर्म, हेन्रीत मोजतात) वाढतो आणि उंच स्वरांतला उठाव खाली सरकतो, आवाज मिटतो. सेठ लव्हर यांनी १९५५ मध्ये गिब्सनसाठी जो हंबकर घडवला, त्या धर्तीच्या पिकअपचा इंडक्टन्स ४ हेन्रीच्या आसपास असतो. तापट पिकअपचा ७-८ पर्यंत जातो. पिकअप कितीही खाली घ्या, हा फरक भरून निघत नाही.

आणि सेमी-हॉलोमध्येच तो जास्त बोचतो. या गिटारची खरी श्रीमंती तार छेडल्याक्षणी जो मोकळा, लाकडी 'टक्' येतो त्यात आहे. तापट पिकअप नेमका तोच गिळून टाकतो. मग ही गिटार घ्यायचीच कशाला?

मंद्रसप्तक
मान्य, पण पिकअपच्या पुढे काय जोडलंय तेही बघा. हंबकरला ५०० के (किलोओहम) चे पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे फिरते रेझिस्टन्स, हवेत. स्वस्त पॉटमध्ये २० टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ४०० के सुद्धा 'बरोबर'च. व्हॉल्यूम आणि टोन दोन्ही तसे निघाले तर तीक्ष्णता तिथेच गेली. शिवाय सहा मीटरची केबल स्वतःच पाचसहाशे पिकोफॅराड कपॅसिटन्स घालते, तोही तीक्ष्णता खातो. ती आखूड करून बघा, मग पिकअपला दोष द्या.

पॉट मोजताना पिकअपची वायर त्यावरून सोडवा. नाहीतर मल्टिमीटर पिकअपचाच रेझिस्टन्स दाखवेल.

कोथरूडचा ब्लूजवाला
पुण्यात पासोड्या विठोबापाशी पॉट मिळतात, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच. दांडा गिटारच्या नॉबला बसतो का, ते मात्र आधी बघून घ्या.

स्टेजवरून
दोघंही घरात बसून ऐकल्यासारखं बोलताय. माझा प्रश्न फीडबॅकचा (अँपचा आवाज गिटारमध्ये परत शिरून घुमण्याचा) आहे, आणि तिथे दोन वेगळे आजार आहेत.

ड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारी सेटिंग) चालू ठेवून तळव्याने सगळ्या तारा घट्ट दाबा. घुमणं थांबलं तर ते तारांचं आणि पोकळ अंगाचं. अँपपासून लांब व्हा, कोन बदला. १९५८ च्या ३३५ मध्ये मधोमध मेपलचा ठोकळा घातला तो यासाठीच. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग यांच्या ल्युसिल मॉडेलला तर एफ-होलच (वरच्या फळीवरची f आकाराची भोकं) ठेवले नाहीत. पण तारा दाबूनही कर्कश शिट्टी चालूच राहिली, तर पिकअपची गुंडाळी किंवा कव्हर सैल आहे. तिथे पॉट आणि केबल बदलून काडीचाही फरक पडत नाही. मेणात बुडवलेला पिकअप लागतो. घरी मेण वितळवायच्या भानगडीत पडू नका, जुन्या प्लास्टिकच्या बॉबिन उष्णतेने वाकतात.

माझ्या गिटारमध्ये हाच दुसरा आजार होता. पिकअप बदलले, शिट्टी गेली. हा खर्च वाया गेला असं मला कोणी पटवून देऊ शकणार नाही.

मंद्रसप्तक
शिट्टीच्या बाबतीत माघार घेतो, तिथे बदलायलाच हवा. पण 'आवाज आवडत नाही' एवढ्यावर बदलणारे दहापट आहेत, आणि माझा विरोध त्यांना आहे. अशा सेमी-हॉलोला मागे बहुधा झाकण नसतं. सगळं वायरिंग एफ-होलमधून बाहेर काढायचं आणि तिथूनच परत आत घालायचं. एखादी वायर तुटली की हौस कारागिराच्या दारात.

सोल्डरवाली
अवघड आहे, पण भीती घालण्याइतकं नाही. काढण्यापूर्वी प्रत्येक पॉटच्या दांड्यावर फिश टँकची बारीक नळी चढवा आणि ती वरच्या भोकातून बाहेर ठेवूनच पॉट आत सोडा. परत बसवताना नळी ओढली की दांडा आपसूक आपल्या भोकात येतो. जॅकलाही तसाच दोरा बांधा. एफ-होलची कड मास्किंग टेपने झाका, पॉलिश तिथेच आधी उडतं. पुश-पुल पॉटचा (नॉब ओढला की स्विच होणाऱ्या) मोह टाळा, उंच असल्यामुळे ते एफ-होलमध्ये अडकतात.

आणि 'आवाज आवडत नाही' हे कारण तुम्हाला क्षुल्लक का वाटतं? वाद्य आवाजासाठीच घेतो ना आपण? उंची, पॉट, केबल सगळं तपासूनही नेक पिकअप मिटलेलाच राहिला, तर तिथून पुढे तडजोड मला मान्य नाही. मी फक्त नेकचा बदलेन, ब्रिजचा मूळचाच ठेवेन. खर्च तिथेच निम्मा झाला.

मंद्रसप्तक
फक्त नेकचा, आणि तोही सगळं तपासून झाल्यावर, यावर मित्राशी बोलतो. जोडी मागवायला माझा अजूनही विरोधच आहे.