लेपर्ड गेकोला दिवा हवाच, की पावडर पुरे?

रातकिडा (न्यू जर्सी)
आमची ठिपकी, म्हणजे पाळलेली लेपर्ड गेको पाल, आता ९ वर्षांची आहे. यूव्हीबीचा (उन्हातल्या अतिनील किरणांचा) दिवा तिने जन्मात पाहिलेला नाही. पोटाखाली ऊब, आणि कॅल्शियम आणि डी३च्या (कॅल्शियम अंगी लागायला हवं ते जीवनसत्त्व) पावडरीत घोळवलेले रातकिडे, बस्स. शेपटी मुळ्यासारखी जाडजूड, पाय सरळ. आणि हल्ली जो तो सांगतो, दिवा नसेल तर तुम्ही निर्दय! अहो, अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या खडकाळ भागातला जीव हा, दिवसभर दगडाखाली झोपणारा. त्याला उन्हाचं काय? दिवेवाल्यांनी चुना लावलाय सगळ्यांना.

चुनावाला
साफ असहमत. यूव्हीबीने कातडीत डी३ तयार होतं आणि पुरेसं झालं की जादाचं तिथल्या तिथे निरुपयोगी होऊन जातं. पावडरीला असा लगाम नाही, पोटात गेलं ते गेलं. अती झालं तर कॅल्शियम मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांत साचतं. २०१८च्या एका प्रयोगात रोज फक्त दोन तास दिवा मिळालेल्या लेपर्ड गेकोंच्या रक्तातही डी३ वाढलेलं दिसलं होतं. म्हणजे कातडीला ते काम जमतं, आपण करू देत नाही.

रातकिडा
जमतं म्हणजे गरज आहे असं होत नाही. दिव्याशिवाय यांच्या पिढ्यान्पिढ्या निपजल्याच की!

तिन्हीसांज (लीड्स)
आमचं पहिलं पिल्लू मी घालवलं, म्हणून लिहिते. दुकानदाराने दिलेल्या पावडरीत नुसतं कॅल्शियम होतं, डी३ नव्हतं. ‘ऊन मिळेल’ म्हणून टाकी खिडकीपाशी ठेवली. काच यूव्हीबी अडवते हे तेव्हा कुठे माहीत होतं! पाय थरथरायला लागले तेव्हाच शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. एक दिवस किडा धरताना खालचा जबडाच वाकला, रबरासारखा. एक्स-रेत हाडं जेमतेम दिसत होती.

आणि पावडरीवर फार विसंबू नका. डब्यात हलवून काढलेला रातकिडा पिठीसाखरेतल्या शंकरपाळ्यासारखा दिसतो खरा, पण लगेच खाल्ला गेला नाही तर मिशा-पाय पुसून मोकळा होतो. मुळात त्याच्यात कॅल्शियम कमी, फॉस्फरस कितीतरी जास्त.

(आई व्हिडिओ कॉलवर म्हणते, “आम्ही झाडूने हाकलतो आणि तुम्ही जीवनसत्त्वं चारा!”)

नवशी
आमचा अल्बिनो (काळं रंगद्रव्य नसलेला) आहे. दिवा लावू का?

चुनावाला
जपून. त्यांच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही. सौम्य नळी, तीही टाकीच्या एकाच बाजूला, आणि लपायला भरपूर जागा. दिवा आला की डी३ची पावडर कमी करा, साधं कॅल्शियम चालू ठेवा. नळी साधारण वर्षाने बदला. उजेड दिसत राहतो, पण यूव्हीबी उतरलेलं असतं.

रातकिडा
लेकीने धागा वाचला. दिवा मी अजूनही घेणार नाहीये. पण तिने पावडरीची बाटली उलटी करून तळाची तारीख दाखवली. मुदत दीड वर्षापूर्वीच संपलीय.